करविषयक विकास-प्रकल्प आणि मूल्यमापन-सल्लागाराची नेमणूक

रस्ता, धरण किंवा शाळा बांधण्यासाठी जसे विकास-साहाय्य दिले जाते, तसेच ते कर वसूल करणारी यंत्रणा सुधारण्यासाठीही दिले जाते. करदात्यांची नोंदवही अद्ययावत करणे, मालमत्तेची नव्याने मोजणी व आकारणी करणे, विवरणपत्रे संगणकावर स्वीकारण्याची व्यवस्था लावणे, हिशेब तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना शिक्षण देणे, ही अशा प्रकल्पांची नेहमीची कामे होत. २०१५ च्या जुलै महिन्यात अदिस अबाबा येथे विकासाच्या अर्थपुरवठ्यासंबंधी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्या वेळी सुरू झालेल्या ‘अदिस कर उपक्रमा’त सामील झालेल्या साहाय्यदात्या देशांनी या कामासाठी दिले जाणारे तांत्रिक सहकार्य २०२० पर्यंत एकत्रितपणे दुप्पट करण्याचे वचन दिले. साहाय्याचा ओघ वाढला की त्याचा हिशेब मागणारेही वाढतात. हा हिशेब मांडण्यासाठी देखरेख व मूल्यमापन यांचा जाणकार असा सल्लागार नेमण्याचा प्रघात आहे. ही नेमणूक वरवर पाहता कचेरीच्या कामकाजातील एक किरकोळ बाब वाटते. परंतु प्रकल्प यशस्वी ठरणार की अयशस्वी, आणि त्याची झळ कोणास लागली हे कधी उघडकीस येणार की नाही, हे पुष्कळदा त्या नेमणुकीच्या अटींतच ठरून गेलेले असते.

प्रथम देखरेख आणि मूल्यमापन यांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. योजलेली कामे योजलेल्या वेळी व योजलेल्या खर्चात होत आहेत किंवा नाहीत हे पाहणे म्हणजे देखरेख. ती सतत चालते आणि तिचा उपयोग मुख्यत्वे प्रकल्प चालविणाऱ्यांना होतो. झालेल्या कामामुळे इष्ट तो बदल घडला काय, आणि प्रकल्प नसता तर तो घडलाच नसता काय, याचा निर्णय करणे म्हणजे मूल्यमापन. पाचशे निरीक्षकांना शिक्षण दिले, ही देखरेखीची नोंद होय. त्या शिक्षणामुळे आकारणी अधिक अचूक झाली, हा मूल्यमापनाचा निष्कर्ष होय. पहिल्यावरून दुसरे आपोआप सिद्ध होत नाही. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या विकास-साहाय्य समितीने १९९१ मध्ये प्रस्तुतता, कार्यक्षमता, परिणामकारकता, प्रभाव आणि टिकाऊपणा असे पाच निकष मांडले व २०१९ मध्ये त्यांत सुसंगती या सहाव्या निकषाची भर घातली. हे निकष सर्वच क्षेत्रांना लागू असले, तरी करविषयक प्रकल्पांत त्यांचा वापर करताना एक विशेष अडचण उभी राहते.

ती अडचण अशी की, येथे यशाचे माप आयतेच हाती असते. शाळेतील मुलांस किती आले हे परीक्षा घेतल्यावाचून कळत नाही. कर किती जमला हे मात्र खजिन्याच्या वहीत लिहिलेलेच असते. म्हणून जमा वाढली की प्रकल्प फळास आला असे मानण्याचा मोह होतो. एक काल्पनिक उदाहरण घ्यावे. एखाद्या राज्यात कराची जमा एका वर्षात १०० कोटींवरून १२० कोटी झाली. त्या वर्षात किमती ६ टक्क्यांनी आणि खरे उत्पन्न ७ टक्क्यांनी वाढले असेल, आणि कर त्याच प्रमाणात वाढतो असे धरले, तर काहीही न करता जमा सुमारे ११३ कोटी ४२ लाखांवर गेली असती. उरलेल्या ६ कोटी ५८ लाखांपैकी ३ कोटी दरवाढीमुळे आणि २ कोटी मागील वर्षांची थकबाकी मार्चअखेर वसूल केल्यामुळे आले असतील, तर प्रकल्पाच्या पदरात टाकता येईल अशी रक्कम दीड कोटीच्या आसपासच राहते. करदात्यांचे परतावे रोखून धरले गेले असतील तर तीही राहत नाही. अहवालात मात्र २० कोटींचा आकडा झळकतो.

आकडा फुगतो एवढाच हा दोष असता, तर तो हिशेबनिसाने दुरुस्त केला असता. यापेक्षा गंभीर गोष्ट ही की, जमा खरोखरच वाढलेली असूनही बहुसंख्य करदात्यांची स्थिती पूर्वीपेक्षा वाईट झालेली असू शकते. पाकिस्तानच्या पंजाब प्रांतात मालमत्ता-कर वसूल करणाऱ्या कर्मचाऱ्यांना कामगिरीनुसार वाढीव मोबदला देण्याचा प्रयोग दोन वर्षे करण्यात आला. अदनान खान, असीम ख्वाजा आणि बेंजामिन ओल्केन यांनी केलेला त्याचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मोबदल्याची योजना लागू केलेल्या विभागांत वसुलीच्या वाढीचा वेग इतर विभागांपेक्षा ४६ टक्क्यांनी अधिक आढळला. परंतु मालमत्ताधारकांकडे स्वतंत्र चौकशी केली तेव्हा असे दिसून आले की, ही वाढ जवळजवळ सर्वस्वी थोड्या मालमत्तांची खऱ्या मूल्याने आकारणी झाल्यामुळे घडली होती. बहुसंख्य मालमत्तांचा कर वाढला नव्हता. मात्र त्यांच्या धारकांकडून घेतल्या जाणाऱ्या लाचेची रक्कम वाढल्याचे त्यांनी सांगितले. जो सल्लागार केवळ खजिन्याची वही पाहील त्यास यातील पहिली गोष्ट दिसेल, दुसरी कधीही दिसणार नाही.

यावरून नेमणुकीचा पहिला नियम निघतो. सल्लागाराच्या कार्यकक्षेत जमेबरोबरच करदात्याच्या अनुभवाचे मोजमाप स्पष्ट शब्दांत लिहिलेले असावे. कोणत्या उत्पन्नगटावर भार किती पडला, आकारणीविरुद्ध अपिले किती झाली व त्यांचा निकाल काय लागला, परतावा मिळण्यास किती दिवस लागले, कचेरीत लाच द्यावी लागली काय, हे प्रश्न कार्यकक्षेत नसतील तर ते अहवालातही नसतात. कारण सल्लागारास मोबदला मिळतो तो नेमून दिलेल्या कामाचा.

दुसरा नियम वेळेविषयी आहे. प्रकल्प संपत आला असता मूल्यमापनासाठी निविदा काढण्याची रीत सर्वत्र आढळते. त्या वेळी आरंभीची स्थिती काय होती हे जाणण्याचे साधन उरलेले नसते. कांगो लोकशाही प्रजासत्ताकातील कानांगा या शहरात २०१६ मध्ये मालमत्ता-कराची मोहीम काढण्यात आली, तेव्हा कोणत्या वस्त्यांत वसुलीचे पथक घरोघर जाईल हे आधीच चिठ्ठ्या टाकावे तसे ठरविण्यात आले होते. त्यामुळे पथक न गेलेल्या वस्त्या तुलनेस उपलब्ध झाल्या. तेथे कर भरणाऱ्यांचे प्रमाण ०.१ टक्का होते. पथक गेलेल्या वस्त्यांत ते ११.६ टक्के झाले. त्याशिवाय या वस्त्यांतील नागरिक सरकारी सभांना उपस्थित राहण्यात किंवा शासनाविषयी आपले मत नोंदविण्यात अधिक पुढे आल्याचेही आढळले. त्याच शहरात २०१८ मध्ये काही वस्त्यांतील वसुली सरकारी नोकरांऐवजी स्थानिक मुखियांकडे सोपविली असता उत्पन्न ४४ टक्क्यांनी अधिक आले. पण मुखियांनी लाचही अधिक घेतली, आणि तरीसुद्धा शासनावरील लोकांचा विश्वास ढळला नाही. असे परस्परविरोधी वाटणारे निष्कर्ष ठामपणे मांडता आले, याचे कारण अभ्यासकांचा प्रवेश मोहिमेच्या आखणीच्या वेळीच झाला होता. प्रत्येक प्रकल्पात अशी चिठ्ठ्यांची विभागणी शक्य नसते. परंतु आरंभस्थितीची नोंद करणे सर्वत्र शक्य असते, आणि त्यासाठी सल्लागार प्रकल्पाच्या आरंभापूर्वीच नेमलेला असावा लागतो.

तिसरा नियम स्वातंत्र्याचा. ज्याने काम करावयाचे त्यानेच त्याचे फळ जोखू नये, हे तत्त्व भारतात फार पूर्वी मान्य झाले होते. १९५२ मध्ये समूह-विकास कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा त्याच्या परीक्षणासाठी नियोजन आयोगाच्या अंतर्गत, अंमलबजावणीच्या यंत्रणेपासून अलग अशी कार्यक्रम मूल्यमापन संघटना स्थापन करण्यात आली आणि पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ द. गो. कर्वे यांच्याकडे तिचे संचालकपद सोपविण्यात आले. करविषयक प्रकल्पात हे अलगपण दुहेरी असावे लागते. कर खात्यास यश दाखवावयाचे असते आणि साहाय्यदात्यासही आपल्या देणगीचे समर्थन करावयाचे असते. म्हणून दोघांचाही कल आकडा मोठा दिसावा याकडेच असतो. प्रकल्पाची आखणी ज्या संस्थेने केली तिला मूल्यमापनाचे काम देऊ नये. सल्लागाराचे मानधन वेळेवर व पूर्ण अहवाल देण्याशी बांधलेले असावे, अनुकूल निष्कर्षाशी नव्हे. अहवाल प्रसिद्ध करण्याची तरतूद करारातच असावी. अन्यथा प्रतिकूल अहवाल दप्तरात बांधून ठेवणे सोपे जाते.

आता पात्रतेचा विचार. करकायद्याचे ज्ञान, संख्याशास्त्राची तयारी आणि स्थानिक भाषेत लोकांशी बोलण्याचे कौशल्य हे तीन गुण एका व्यक्तीत क्वचितच एकत्र आढळतात. यास्तव एका नामांकित तज्ज्ञापेक्षा लहानसा परंतु समतोल गट नेमणे श्रेयस्कर ठरते. निवड दोन लिफाफ्यांच्या पद्धतीने करावी: आधी कामाची पद्धती मांडणारा लिफाफा उघडून गुण द्यावेत, आणि पुरेसे गुण मिळालेल्यांचाच दराचा लिफाफा नंतर उघडावा. केवळ सर्वांत कमी दराकडे पाहून निवड केली, तर घरोघर जाऊन करावयाची पाहणी प्रथम वगळली जाते. कारण सर्वाधिक खर्च तिलाच येतो. करदात्यांच्या माहितीची गुप्तता हाही एक नाजूक प्रश्न आहे. नावे व ओळखखुणा काढून टाकलेली नोंद खात्याने पुरवावी आणि तिच्या वापराची मर्यादा लेखी ठरवावी. गुप्ततेचे कारण पुढे करून माहितीच नाकारली, तर मूल्यमापनास विषयच उरत नाही.

या सर्व नियमांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे. धरण गळू लागले तर ते सर्वांस दिसते. अन्यायाची आकारणी मात्र ज्याच्यावर होते त्यालाच दिसते, आणि त्याचा शब्द बहुधा खजिन्याच्या वहीपर्यंत पोहोचत नाही. कर खाते, अर्थमंत्रालय व साहाय्यदाता यांची बाजू मांडण्यास माणसे असतात. लहान दुकानदार, घराचा एकुलता खण भाड्याने देणारी विधवा, आठवडी बाजारात पट्टी भरणारा विक्रेता यांची बाजू अहवालात यावयाची असेल, तर ती सल्लागाराच्या पाहणीतूनच येऊ शकते. म्हणून कार्यकक्षेचा मसुदा लिहिणाऱ्याने जमेच्या रकान्याशेजारी त्यांच्यासाठीही एक रकाना आखून ठेवणे आवश्यक आहे.