अदृश्य सहप्रवासी

आजारी मनुष्य ओळखणे सहसा कठीण नसते. त्याचे अंग तापते, खोकल्याची ढास लागते, चेहरा उतरतो. घरची माणसे त्याला निजवतात, डॉक्टरांना बोलावतात आणि मुलांना त्याच्यापासून दूर ठेवतात. परंतु जो हसतो, बोलतो, पोटभर जेवतो, त्याच्या श्वासातही रोगाचे बीज असू शकते, ही गोष्ट सहजासहजी पटत नाही. इ. स. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीने ती साऱ्या जगाला पटवून दिली.

ठाणे जिल्ह्यात उल्हास नदीच्या काठी कुळगाव-बदलापूर हे शहर वसले आहे. रेल्वेने ते मुंबईपासून सुमारे ६८ किलोमीटर दूर आहे. येथील हजारो लोक लोकल गाडीने मुंबईला कामास जातात व रात्री परततात. २३ मार्च २०२० पासून या गाड्या बंद झाल्या. तरीही रुग्णालये व पोलीस ठाणी बंद ठेवून चालणार नव्हते. म्हणून परिचारिका, पोलीस, सफाई कामगार एस. टी. व बेस्टच्या बसगाड्यांनी मुंबई गाठत राहिले. १५ जूनपासून अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी काही लोकल गाड्या सुरू झाल्या. घरी परतताना उंबरठ्यावर त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा राही. आपल्याला तर काही होत नाही; पण आपल्याबरोबर रोग घरात येत नाही ना?

हा प्रश्न रास्त होता. कोरोनाचा विषाणू मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढा असतो. श्वासमार्गातील पेशींत शिरून तो स्वतःसारखे असंख्य विषाणू निर्माण करतो. ताप, अंगदुखी ही लक्षणे मात्र बहुतांशी शरीराने त्याच्याशी मांडलेल्या झुंजीची असतात. शरीराने या शत्रूला गाजावाजा न होता आवरले, तर लक्षणे उमटत नाहीत. पण तेवढ्या काळात बोलताना किंवा शिंकताना उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांवाटे विषाणू बाहेर पडू शकतात.

असे रोगवाहक दोन प्रकारचे असतात. काहींना अखेरपर्यंत कसलाच त्रास होत नाही. इतरांना बहुधा २ ते १४ दिवसांत लक्षणे दिसू लागतात. परंतु त्याच्या एकदोन दिवस आधीच त्यांच्यापासून दुसऱ्यास संसर्ग होऊ शकतो. राखेखालचा निखारा दिसत नाही, म्हणून तो विझलेला असतो असे नव्हे.

लक्षणेच नाहीत, तर हे वाहक सापडले कसे? फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ हे जहाज थांबवून ठेवण्यात आले. त्यावरील ३,७११ माणसांपैकी ७०० हून अधिक जणांना संसर्ग झाला होता आणि तपासणीच्या वेळी त्यांतील सुमारे निम्म्यांना कोणतेही लक्षण नव्हते. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत लोकांचे रक्त तपासले गेले. झोपडपट्टीत शंभरांपैकी सुमारे ५७ जणांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. नोंदलेले रुग्ण त्या मानाने फारच थोडे होते. म्हणजे रोग पुष्कळांच्या शरीरातून नकळत येऊन गेला होता.

म्हणूनच दारावर ताप मोजून ही साथ अडवता येत नव्हती. मुखपट्टी केवळ आजाऱ्याने नव्हे, तर सर्वांनीच बांधावी लागली. खिडक्या उघड्या ठेवाव्या लागल्या. नातवंडांना आजीआजोबांपासून काही काळ दूर राहावे लागले.

त्या दिवसांत काही ठिकाणी शेजाऱ्यांनी परिचारिकांनाच घरी येण्यास मज्जाव केला. तो भीतीपोटी घडलेला अन्याय होता. रोगवाहक हा गुन्हेगार नव्हे. आपण काय वाहून नेत आहोत, हे त्यालाच ठाऊक नसते. उद्या तो आपल्यापैकी कोणीही असू शकतो. तेव्हा गर्दीच्या डब्यात तोंडावर बांधलेली साधी पट्टी ही स्वतःच्या रक्षणाइतकीच शेजारच्या अनोळखी प्रवाशाची घेतलेली काळजी असते.