शिवारातील कीड सर्वेक्षणासाठी स्मार्टफोन निवडताना: बॅटरी आणि साठवण क्षमतेचा हिशेब

विदर्भात २००८ च्या खरिपात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून महाराष्ट्रात ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. त्या काळात सर्वेक्षकाची साधने म्हणजे भिंग, नोंदवही आणि नमुने ठेवण्याच्या बाटल्या. आता त्यांच्या जोडीला, आणि अनेकदा त्यांच्या जागीही, स्मार्टफोन आला आहे. १५ ऑगस्ट २०२४ रोजी कार्यान्वित झालेल्या राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणालीत किडीचे छायाचित्र हाच ओळखीचा आरंभबिंदू असतो. असे असूनही फोनची खरेदी मात्र घरगुती वस्तूप्रमाणेच होते. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल, फाइव्ह-जी आणि किंमत एवढे पाहून निर्णय घेतला जातो. भर उन्हात हा फोन किती तास टिकेल आणि संपूर्ण हंगामाची छायाचित्रे मूळ स्वरूपात त्यात मावतील का, हे दोन प्रश्न दुकानात क्वचितच विचारले जातात. सर्वेक्षण अर्धवट राहते ते बहुधा याच दोन कारणांनी.

प्रथम साठवणीचा विचार करू, कारण कीटकाच्या ओळखीशी तिचा थेट संबंध आहे.

मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीचे उदाहरण घ्या. मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा भागात तिची भारतातील पहिली नोंद झाली. तिच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी फिकट खूण असते आणि उदराच्या आठव्या खंडावर चार गडद ठिपके चौकोनात मांडलेले असतात. तिसऱ्या अवस्थेतील अळीच्या डोक्याची रुंदी साधारण पाऊण मिलिमीटर भरते. हल्लीचे बहुतेक फोन सुमारे १२ मेगापिक्सेलचे, म्हणजे ४,००० बाय ३,००० बिंदूंचे छायाचित्र देतात. कॅमेरा ५० मेगापिक्सेलचा असला तरी नेहमीच्या वापरात चार-चार बिंदू एकत्र करून तो एवढेच चित्र तयार करतो. चौकटीत २० सेंटिमीटर रुंदीचा पोंगा घेतला असेल तर प्रत्येक मिलिमीटरला २० बिंदू येतात आणि अळीच्या डोक्यावर १५. इतक्यावर अनुभवी डोळा अंदाज बांधू शकतो. हेच छायाचित्र व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या दर्जात पाठवले की त्याची लांबी साधारण १,६०० बिंदूंवर येते. मग डोक्याच्या वाट्याला उरतात सहा बिंदू. सहा बिंदूंत ‘वाय’ दिसत नाही. दिसतो तो केवळ एक तपकिरी ठिपका. अशा चित्रावरून कोणी ‘खोडकिडा असावा’ म्हणाले, तर दोष त्याच्या ज्ञानाचा नव्हे, चित्राचा आहे. चौकट १० सेंटिमीटरवर आणली तर बिंदू दुप्पट होतात, म्हणून शक्य तितके जवळून छायाचित्र घ्यावेच. परंतु आकुंचनामुळे होणारी हानी त्यानेही पूर्ण भरून निघत नाही.

या ओळखीला विलंब परवडत नाही. अळी मोठी होऊन पोंग्यात खोल शिरली आणि तिच्या विष्ठेचे बूच वर बसले की फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. खर्च होतो, मित्रकीटक मरतात आणि अळी राहते.

म्हणूनच मूळ छायाचित्र फोनमध्ये जपून ठेवणे आणि तज्ज्ञाकडे पाठवताना ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवणे आवश्यक ठरते. त्याचा आणखी एक लाभ आहे. छायाचित्र म्हणून पाठवताना त्यातील स्थळाची नोंद गळून पडते; डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यास ती शाबूत राहते. स्थळ आणि मूळ दिनांक नसलेली कीड-नोंद सर्वेक्षणाच्या दृष्टीने अर्धीच होय. अर्थात प्रत्येक नुकसानीला एवढा तपशील लागत नाही. कपाशीतील डोमकळी, ज्वारीतील पोंगेमर किंवा भाताची पांढरी ओंबी साध्या चित्रातही कळते. उलट काही ठिकाणी उत्तम कॅमेराही अपुरा पडतो. २०२१ मध्ये आंध्र प्रदेश आणि तेलंगणातील मिरचीवर थ्रिप्स पार्विस्पिनस या नव्या फुलकिड्याने थैमान घातले. जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या या किडीची जात फोनच्या चित्रावरून निश्चित करता येत नाही; तेथे अल्कोहोलमध्ये ठेवलेला नमुनाच प्रयोगशाळेत जावा लागतो.

आता हिशेब मांडू. १२ मेगापिक्सेलचे एक छायाचित्र सरासरी ४ एमबी धरले, दिवसाला ६० छायाचित्रे आणि आठवड्यातून चार दिवस सर्वेक्षण असे गृहीत धरले, तर आठवड्याला जवळपास १ जीबी जागा लागते. वीस आठवड्यांच्या खरिपात सुमारे १९ जीबी. दररोज दोन मिनिटांची चित्रफीत घेतली तर १०८० दर्जात मिनिटाला सुमारे १३० एमबी या हिशेबाने आणखी २१ जीबी. म्हणजे एका हंगामाला ४० जीबी, तेही घरच्या लग्नकार्याची छायाचित्रे सोडून. कोणी उत्साहाने कॅमेरा ‘५० मेगापिक्सेल’वर ठेवला आणि प्रत्येक चित्र १२ एमबीचे झाले, तर केवळ छायाचित्रांनाच ५७-५८ जीबी लागतील. कीटकासाठी त्याचा उपयोग मर्यादितच आहे. बिंदू वाढतात, परंतु लहान भिंगातून येणारा तपशील त्या प्रमाणात वाढत नाही. स्वस्त फोनमधील २ मेगापिक्सेलच्या ‘मॅक्रो’ कॅमेऱ्याकडे तर सरळ दुर्लक्ष करावे. मुख्य कॅमेऱ्यावर चिमट्याने बसणारे साधे भिंग त्याहून कितीतरी चांगले काम देते.

खोक्यावर ‘१२८ जीबी’ छापलेले असते, त्यातील सर्व जागा आपल्या वाट्याला येत नाही. मोजण्याच्या पद्धतीतील फरकामुळे पुष्कळशा ठिकाणी १२८ चे ११९ च दिसतात. त्यातून कार्यप्रणाली आणि कंपनीची अॅप मिळून वीस जीबीच्या आसपास जागा घेतात. उरलेल्या जागेत आपली अॅप, नकाशे आणि व्हॉट्सअॅप. विस्तार कार्यकर्त्याच्या फोनमधील सर्वांत मोठा जागाखाऊ हाच शेवटचा असतो. तालुक्याचे, पिकांचे, कंपन्यांचे आणि गावकीचे डझनावारी गट, आणि प्रत्येकात सकाळपासून शुभेच्छांची चित्रे! व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये चित्रे व चित्रफिती आपोआप उतरवून घेण्याची सोय बंद केली तर कित्येकांना नवा फोन घेण्याची गरजही भासणार नाही. खरेदीपूर्वी जुन्या फोनवर हा प्रयोग अवश्य करावा.

या हिशेबाने ६४ जीबीचा फोन एक हंगामही कसाबसा काढतो. १२८ जीबीचा फोन प्रत्येक हंगामाअखेर चित्रे संगणकावर उतरवणाऱ्यास पुरेसा आहे. ज्यांना ती सवय नाही, किंवा ज्यांच्याकडे संगणक नाही, त्यांनी २५६ जीबीचाच विचार करावा. साठवण शेवटपर्यंत भरू देऊ नये; दहा-पंधरा टक्के जागा रिकामी नसेल तर फोन मंदावतो, चित्र जतन होण्यास वेळ लागतो आणि तेवढ्यात तुडतुडा उडून जातो. नेटवर्क नसलेल्या शिवारात बरीच अॅप माहिती तात्पुरती फोनमध्येच ठेवतात, तिलाही जागा लागतेच.

मेमरी कार्डाची खाच असलेले फोन आता कमी होत आहेत. जेथे खाच आहे तेथेही ती अनेकदा सामाईक असते: दोन सिम किंवा एक सिम आणि एक कार्ड. एका गावात एका कंपनीचे नेटवर्क आणि पुढच्या गावात दुसरीचे, अशी स्थिती असल्याने आपल्यापैकी बहुतेकांना दोन सिम लागतात. म्हणून स्वतंत्र खाच आहे का, हे दुकानदाराला विचारण्यापेक्षा ट्रे बाहेर काढून पाहावे. कार्डावर एकमेव प्रत कधीही ठेवू नये. ऑनलाइन साठवणीचा आधार घ्यावा, पण त्याचीही मर्यादा ओळखावी. गूगल खात्यासोबत मिळणारी मोफत जागा १५ जीबी आहे आणि ती ईमेल, ड्राइव्ह व फोटो यांत विभागली जाते. गूगल फोटोजमधील अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. आपल्या हिशेबातील एक हंगाम या १५ जीबीत मावत नाही.

एक सूचना जाहिरातींविषयी. ‘८ अधिक ८ जीबी रॅम’ असे लिहिलेले असते, त्यातील दुसरे आठ खरे रॅम नसून साठवणीतूनच उसने घेतलेले असतात. जागा कमी असलेल्या फोनमध्ये ही सोय बंद ठेवलेली बरी.

बॅटरीच्या बाबतीत एमएएच हा आकडा सर्वांच्या तोंडी असतो, परंतु खरी ऊर्जा वॅट-तासांत मोजली जाते. ५,००० एमएएचची बॅटरी सुमारे ३.८५ व्होल्टची असते, म्हणजे तिच्यात साधारण १९ वॅट-तास ऊर्जा मावते. जाहिरातीतील ‘दोन दिवस’ हे सावलीत, मंद पडद्यावर आणि चांगल्या नेटवर्कमध्ये मोजलेले असतात. शिवारात याच्या नेमके उलट घडते. उन्हात पडदा वाचता यावा म्हणून त्याची चमक पूर्ण वाढते, कॅमेरा उघडा असतो, जीपीएस सुरू असते आणि दूरच्या टॉवरशी संपर्क ठेवण्यासाठी फोन अधिक शक्तीने प्रक्षेपण करतो. हा एकत्रित खप ३ वॅट धरला तर १९ वॅट-तास सहा तासांत संपतात. सकाळी आठला निघालेल्या सर्वेक्षकाचा फोन, सतत वापर झाल्यास, दुपारी दोनच्या सुमारास मान टाकेल. हा नव्या बॅटरीचा हिशेब झाला. क्षमता ८० टक्क्यांवर आली की हेच सहा तास पाचवर येतात.

क्षमता घटण्याचा वेग दोन गोष्टींवर विशेष अवलंबून असतो: भरणीच्या आवर्तनांची संख्या आणि उष्णता. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या स्मार्टफोनसाठी असा नियम केला आहे, की ८०० आवर्तनांनंतरही बॅटरीत मूळच्या किमान ८० टक्के क्षमता शिल्लक राहावी. एक आवर्तन म्हणजे एकूण शंभर टक्के वापर; रोज निम्मी बॅटरी वापरली तर दोन दिवसांचे एक आवर्तन होते. रोज पूर्ण आवर्तन झाले तर ८०० चा टप्पा सव्वादोन वर्षांत येतो. आपल्याकडे खरेदी करतानाही कंपनीने आवर्तनांची संख्या जाहीर केली आहे का ते पाहावे. ५,००० आणि ५,५०० मधील फरकापेक्षा ही माहिती अधिक मोलाची आहे. सिलिकॉन-कार्बन प्रकारच्या बॅटऱ्यांमुळे ६,००० ते ७,००० एमएएचचे फोन मध्यम किमतीत येऊ लागले आहेत. सर्वेक्षणासाठी ते निश्चितच सोयीचे आहेत, मात्र त्यांचीही आवर्तने तपासावीत.

उष्णतेचा प्रश्न आपल्या हवामानात अधिक बिकट आहे. अनेक फोन ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या वातावरणात वापरण्यासाठी बनवलेले असतात. एप्रिल-मेमध्ये विदर्भ, मराठवाडा किंवा तेलंगणात पारा ४० च्या वर असतो आणि मोटारसायकलच्या हँडलवर लावलेला फोन त्याहून कितीतरी तापतो. तापलेला फोन स्वतःच पडद्याची चमक कमी करतो, कॅमेरा बंद करतो, चार्जिंग थांबवतो. पूर्ण भरलेली बॅटरी आणि उष्णता यांचा संयोग तिला सर्वांत लवकर म्हातारी करतो. त्यामुळे रात्रभर उशीखाली चार्जिंगला लावणे टाळावे. ‘८० टक्क्यांवर थांबा’ अशी सोय असलेल्या फोनमध्ये ती एरवी सुरू ठेवून सर्वेक्षणाच्या आदल्या रात्रीच पूर्ण भरणी करावी. फोन सुती पिशवीत, पाण्याच्या बाटलीपासून दूर पण सावलीत असावा. जेथे वीज तास-दोन तासच मिळते तेथे वेगवान चार्जिंगला खरी किंमत आहे. इतरांनी त्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

पॉवर बँकेवरील आकडाही असाच वाचावा. १०,००० एमएएच हा आतल्या ३.७ व्होल्टच्या घटांचा आकडा असतो. ५ व्होल्टवर मिळणारी क्षमता बारीक अक्षरांत दिलेली असते आणि ती बरीच कमी असते. ५,००० एमएएचचा फोन तिच्यातून दोन वेळा नव्हे, सव्वा ते दीड वेळ भरतो. भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी असलेलीच पॉवर बँक घ्यावी.

ठरावीक रकमेत दोहोंपैकी एकच वाढवता येत असेल तर काय निवडावे? माझे मत असे, की बॅटरी ५,००० एमएएच असेल तर उरलेला पैसा साठवणीवर खर्च करावा. बॅटरीला बाहेरून पॉवर बँकेचा आधार देता येतो, जीर्ण झाल्यावर ती बदलूनही घेता येते. परंतु कार्डाची खाच नसलेल्या फोनची अंतर्गत साठवण पुढे वाढवता येत नाही. मेळघाट किंवा गडचिरोलीच्या दुर्गम भागात, जेथे वीज आणि नेटवर्क दोन्ही दुर्मीळ, तेथे मात्र हा क्रम मी उलटा लावेन आणि मोठी बॅटरी आधी घेईन.

फोन घेतल्यावर बदलीची मुदत संपण्यापूर्वी एक दिवस तो शेतात वापरून पाहावा. पडदा पूर्ण उजळ ठेवून, जीपीएस सुरू करून, दर दहा मिनिटांनी दोन-तीन छायाचित्रे घेत सकाळी नऊ ते दुपारी एकपर्यंत फिरावे आणि बॅटरीचे किती टक्के उतरले ते लिहून ठेवावे. चार तासांत ५० टक्क्यांपेक्षा अधिक उतरले, किंवा कॅमेरा उष्णतेने बंद पडला, तर फोन परत करावा.