साहसप्रिय वाचकांसाठीं अद्भुत वीरकथा

साहसाच्या कथांची आवड मनुष्याला उपजतच असते. लहान मूल आजीजवळ बसून ज्या कुतूहलानें राजपुत्राची आणि राक्षसाची गोष्ट ऐकतें, तेंच कुतूहल वय वाढल्यावर कादंबरीकडे वळतें. मराठी घरांतून नाथमाधवांची ‘वीरधवल’ एका पिढीनें दुसऱ्या पिढीच्या हातीं दिली, ती याच ओढीमुळें. तरीहि अशा पुस्तकांविषयीं वडील माणसांच्या मनांत एक शंका नेहमीं वावरत असते. मंतरलेल्या तलवारी, मायावी मांत्रिक आणि अग्नि ओकणारे राक्षसी सर्प यांच्या सहवासांत रमलेलें मन खऱ्या संकटापुढें उभें राहण्यास शिकतें, कीं त्याकडे पाठ फिरविण्यास? ही शंका हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. तिचें उत्तरहि सरसकट देतां येत नाहीं. एकेक पुस्तक पाहूनच तें द्यावें लागतें.

इंग्रजी वाङ्मयांत विसाव्या शतकांत या जातीच्या कादंबऱ्यांचा एक मोठा प्रवाह वाहूं लागला. देश कल्पित, काळ कल्पित, जादूचें अस्तित्व गृहीत धरलेलें, आणि या सर्वांच्या मध्यभागीं संकटाला सामोरा जाणारा वीर, अशी त्यांची ठेवण असते. ऐतिहासिक कादंबरीला घडलेल्या गोष्टींचें बंधन असतें. येथें तें नसतें. परंतु बंधन नसणें हाच या प्रकारांतील मोठा धोका होय. नायक अडचणींत सांपडला कीं लेखकानें एक नवा मंत्र काढावा आणि त्याची सुटका करावी, असें होऊं लागलें म्हणजे वाचकाची उत्कंठा मरते. उलट, जेथें जादूनें संकट टळण्याऐवजीं वाढतें आणि सुटकेची किंमत नायकाला स्वतःच्या पदरची मोजावी लागते, ती कथा मनाला बळ देते. या कसोटीवर पांच पुस्तकें विशेष वाचनीय ठरतात.

केवळ वेगवान साहसाची भूक असणाऱ्यानें रॉबर्ट हॉवर्ड यांच्यापासून आरंभ करावा. अमेरिकेंतील टेक्सास राज्याच्या या लेखकाला उणेंपुरें ३० वर्षांचें आयुष्य लाभलें. १९३६ सालीं त्यांचा अंत झाला. १९३२ सालीं ‘वियर्ड टेल्स’ या मासिकांतून त्यांनीं कोनन नांवाचा रानटी वीर वाचकांपुढें आणला. कोननवर त्यांनीं गोष्टी पुष्कळ लिहिल्या, परंतु पूर्ण लांबीची कादंबरी एकच, ‘दि अवर ऑफ दि ड्रॅगन’. ती १९३५-३६ मध्यें त्याच मासिकांत क्रमशः प्रसिद्ध झाली. कोनन येथें राजा झालेला आहे. त्याचे शत्रु तीन हजार वर्षांपूर्वीं मेलेल्या एका मांत्रिकाला रत्नाच्या सामर्थ्यानें जिवंत करतात आणि त्याच्याकरवीं राज्य हिरावून घेतात. पण लवकरच त्या कारस्थानी मंडळींनाच आपण उठविलेल्या मांत्रिकाची धास्ती वाटूं लागते. कोननजवळ मंत्र नाहीं. आहे तें शरीर, धैर्य आणि चिकाटी. भाषा जोरकस असून कथानक क्षणभरहि रेंगाळत नाहीं. मात्र हॉवर्ड यांच्या लेखनांत वर्णश्रेष्ठत्वाच्या ज्या कल्पना डोकावतात, त्या जाणत्या वाचकानें डोळसपणें बाजूस ठेवाव्या.

बळाचा वीर पाहिल्यावर बळ नसलेला वीर पाहावा. ऑक्सफर्डचे प्राध्यापक जे. आर. आर. टॉल्किन यांचें ‘दि हॉबिट’ १९३७ सालीं प्रसिद्ध झालें. त्याचा नायक बिल्बो हा ठेंगणा, खाण्यापिण्याचा शौकीन आणि घर सोडून कोठें न जाणारा गृहस्थ आहे. तेरा बुटक्यांच्या टोळीबरोबर त्याला एका ड्रॅगनच्या गुहेंतील गेलेलें धन मिळविण्यासाठीं जावें लागतें. वाटेंत त्याला अदृश्य करणारी अंगठी मिळते. या अंगठीनें इतरांच्या दृष्टिआड होतां येतें, पण स्वतःच्या मनांतील भय दृष्टिआड करतां येत नाहीं, हें लेखकानें फार सुंदर दाखविलें आहे. अंधाऱ्या भुयारांत एकटा उभा असतांना, ड्रॅगन दृष्टीस पडण्यापूर्वींच, पुढें पाऊल टाकावें कीं मागें फिरावें ही बिल्बोची खरी लढाई होते. पुढें त्या धनापायीं मित्रपक्षांतच युद्धाची वेळ येते. तेव्हां सलोख्यासाठीं तो स्वतःकडे आलेलें अमोल रत्न प्रतिपक्षाच्या हातीं देतो, आणि सोबत्यांचा रोष सोसण्यासाठीं त्यांच्याकडेच परत जातो. असें साहस तलवारीच्या साहसाहून दुर्मिळ आहे.

त्याच अंगठीची पुढील हकीकत ‘दि लॉर्ड ऑफ दि रिंग्ज’ या तीन खंडांच्या ग्रंथांत, १९५४-५५ सालीं, आली. टॉल्किन यांनीं १९१६ सालीं सोमच्या रणभूमीवर स्वतः युद्ध पाहिलें होतें. त्यांच्या कथेंत विजयाचा जयघोष कमी आणि थकलेल्या पावलांची वाटचाल अधिक आहे. वीर सामान्यतः कांहीं मिळविण्यासाठीं निघतो. येथें तो अंगठीचा नाश करण्यासाठीं निघतो, कारण तिची सत्ता वापरणाऱ्यालाच गिळते. शेवटीं काय घडतें तें आधीं सांगणें हा वाचकावर अन्याय होईल. एका हीनदीन जीवावर पूर्वीं केलेली दया तेथें शस्त्रांहून मोठें काम करून जाते, एवढें म्हणणें पुरे.

उर्सुला ले ग्विन यांचें ‘ए विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) हें आकारानें लहान, पण अर्थानें खोल. गेड हा एका बेटावरील शेळ्या राखणारा मुलगा. मंत्रविद्येच्या शाळेंत तो सर्वांच्या पुढें जातो, आणि एका सहाध्यायानें डिवचल्यावर केवळ गर्वापायीं मृतांना हाक मारतो. त्या फटीतून एक काळी छाया जगांत शिरते. ती फट मिटवितांना वृद्ध आचार्यांचा प्राण जातो. अश्वत्थाम्याला ब्रह्मास्त्र सोडतां येत होतें, पण आवरतां येत नव्हतें. गेडची स्थिति तशीच होते. पुढें तो छायेपासून पळत सुटतो. अखेर गुरु त्याला सांगतात कीं, पळणें सोडून उलट फिरावें आणि पाठलाग करणारीचाच पाठलाग करावा. यौवनांत पदार्पण करणाऱ्या मुलामुलींच्या हातीं प्रथम द्यावें असें हें पुस्तक आहे.

एरिक एडिसन यांचें ‘दि वर्म ओरोबोरोस’ (१९२२) मात्र मुरलेल्या वाचकासाठीं राखून ठेवावें. लेखक ब्रिटिश सरकारच्या व्यापार खात्यांतील अधिकारी होते. त्यांनीं सतराव्या शतकाच्या वळणाची इंग्रजी भाषा मुद्दाम योजिली. पहिलीं पन्नास पानें सावकाश वाचल्यावर तिची गोडी लागते. मांत्रिक राजानें नेलेल्या भावाच्या शोधार्थ दोन वीर अजिंक्य गिरिशिखर चढून जातात, तें वर्णन अप्रतिम आहे. परंतु शेवट विचार करावयास लावतो. शत्रूचा पूर्ण नाश झाल्यावर विजयी वीर उदास होतात. तोलामोलाचा प्रतिस्पर्धी आतां उरला नाहीं, याचें त्यांना दुःख वाटतें. महाभारतांत युद्ध संपल्यावर युधिष्ठिरहि उदास होतो, पण तो गेलेल्या आप्तांसाठीं. स्वतःचें शेंपूट गिळणाऱ्या सर्पावरून या ग्रंथाचें नांव पडलें आहे. पराक्रमासाठींच पराक्रम करूं लागलें तर त्याचें वर्तुळ असेंच फिरत राहतें, हें त्यांतून जाणवतें. एडिसन यांना त्या वर्तुळाचा मोह पडला होता. वाचकाला तो पडावा कीं नाहीं, हें त्यानें ठरवावें.

घरांत वाचनाचा क्रम लावावयाचा झाल्यास प्रथम ‘दि हॉबिट’, मग ‘अर्थसी’, त्यानंतर टॉल्किन यांचे तीन खंड द्यावे; हॉवर्ड आणि एडिसन प्रौढ वयांत यावे. मूल त्यांत गढून गेलेलें दिसल्यास पुस्तक हातांतून काढून घेण्यापेक्षां वाचून झाल्यावर एकच प्रश्न विचारावा : नायकाला विजय मिळाला, पण त्यासाठीं त्यानें काय दिलें? त्याचें उत्तर मुलाला देतां आलें, तर तें कल्पित देशाच्या सफरीवरून रिकाम्या हातानें परतलेलें नाहीं, असें खुशाल समजावें.