न्यू यॉर्कला नकोसा झालेला बीजिंगचा लाडका

३० मार्च २०१२ ची रात्र. बीजिंगच्या पश्चिमेकडचं वुकेसाँग स्टेडियम खच्चून भरलेलं. २००८ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या या स्टेडियममध्ये त्या रात्री मात्र कुठल्या देशाचा नव्हे, तर बीजिंग शहराचा संघ खेळत होता. शेवटची शिटी वाजली आणि चिनी बास्केटबॉल लीगचं विजेतेपद पहिल्यांदाच राजधानीत आलं. प्रेक्षक नाचत होते, सहकारी एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होते आणि ज्याने एकट्याने त्या सामन्यात ४१ गुण केले होते तो पस्तिशीचा, टक्कल केलेला अमेरिकन मात्र लहान मुलासारखा रडत होता.

त्याचं नाव स्टेफॉन मार्बरी. तीनच वर्षांपूर्वी तो असाच रडला होता. तेव्हा तो घरात एकटा होता, समोर इंटरनेटचा कॅमेरा होता, आणि ते रडणं बघून अख्खी अमेरिका हसली होती.

या दोन रडण्यांच्या मधली हकिकत सांगण्यासारखी आहे.

न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागात समुद्राकाठी कोनी आयलंड नावाची वस्ती आहे. एकेकाळी जत्रेतल्या पाळण्यांसाठी आणि झुल्यांसाठी प्रसिद्ध. मार्बरी कुटुंब राहायचं ते मात्र त्या झुल्यांच्या पलीकडे, गरिबांसाठी बांधलेल्या सरकारी इमारतींत. सात भावंडं. स्टेफॉन सहावा, जन्म १९७७ चा. त्याच्याआधीचे तिघे भाऊ उत्तम बास्केटबॉल खेळायचे. एकेकाने प्रयत्न केले, कॉलेजपर्यंत गेले, पण एनबीएच्या दारातून कुणीही आत जाऊ शकला नाही. एनबीए म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉलची सर्वोच्च व्यावसायिक लीग. तिथे तीस संघ, प्रत्येकात पंधराच्या आसपास खेळाडू. म्हणजे एवढ्या मोठ्या देशात जेमतेम साडेचारशे जागा! गल्लीगल्लीत, शाळाशाळांत लाखो मुलं चेंडू आपटत असतात ती या साडेचारशे जागांसाठी.

घराची सगळी आशा मग स्टेफॉनवर आली. तो चौदा वर्षांचा असताना डार्सी फ्रे नावाचा पत्रकार त्याच्या लिंकन हायस्कूलच्या संघावर पुस्तक लिहीत होता. १९९४ मध्ये आलेल्या ‘द लास्ट शॉट’ या पुस्तकातही हा पोरगा सापडतो. लहानखुरा, तोंडाळ आणि आपण एनबीएत जाणारच याची खात्री असलेला. त्या वयात घराचा उद्धार करण्याची जबाबदारी खांद्यावर पडली, की पोराचं काय होतं हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडेही अशी मुलं प्रत्येक आळीत असतात, फक्त चेंडूच्या जागी पुस्तकं असतात.

पोरगा शब्दाला जागला. कॉलेजात एकच वर्ष काढून १९९६ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, तो एनबीएच्या निवडीत देशात चौथा आला. तो पॉइंट गार्ड होता, म्हणजे चेंडू आणून खेळाची रचना करणारा. चपळाई अशी, की समोरचा वळेपर्यंत हा पुढे गेलेला. एनबीएतल्या सगळ्या वर्षांची त्याची सरासरी सामन्यामागे १९ च्या वर गुण आणि साडेसातच्या वर ‘असिस्ट’ आहे. दोनदा तो ऑल-स्टार संघात निवडला गेला. कोट्यवधी डॉलर्स मिळाले.

मिळालं नाही ते प्रेम.

मिनेसोटात केव्हिन गार्नेटबरोबर त्याची जोडी जमली होती. १९९९ मध्ये तो ती मोडून न्यू जर्सीला गेला. तिथे त्याने घोट्याच्या पट्टीवर ‘एकटाच’ अशा अर्थाचे शब्द लिहून घेतले होते. संघात आपल्या तोडीचा दुसरा कुणी नाही, असा त्याचा सरळ अर्थ घेतला गेला. २००१ मध्ये न्यू जर्सीने त्याला फिनिक्सला देऊन जेसन किडला आणलं आणि लागोपाठ दोन वर्षं ते अंतिम फेरीत पोहोचले. ‘मार्बरी गेला की संघ सुधारतो’ ही थट्टा तेव्हापासून त्याच्या पाठीला चिकटली. थोडीशी अन्यायाची, पण अगदीच खोटीही नव्हे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये त्याने स्पेनविरुद्ध ३१ गुण करून अमेरिकेचा तोवरचा ऑलिंपिक विक्रम मोडला, पण संघाला ब्राँझवर समाधान मानावं लागलं. त्यामुळे त्या विक्रमाचं कौतुक करायला कुणी शिल्लक राहिलं नाही.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला तो न्यू यॉर्क निक्समध्ये आला होता. ज्या शहरात जन्मला, त्या शहराचा संघ! सिनेमा असता तर इथेच संपला असता. प्रत्यक्षात इथून घसरण सुरू झाली. संघ हरत राहिला, प्रशिक्षकांशी भांडणं झाली, आपलेच प्रेक्षक हुर्यो करू लागले.

या काळातली एक गोष्ट मात्र त्याच्या टीकाकारांनीही नोंदवायला हवी होती. २००६ मध्ये त्याने ‘स्टारबरी’ नावाचे बूट बाजारात आणले. किंमत १४ डॉलर ९८ सेंट, तेव्हाच्या हिशेबाने सातशे रुपयांच्या आत. इतर नामवंत खेळाडूंच्या नावाचे बूट शंभर-दीडशे डॉलरला विकले जात असताना हा सामन्यात स्वतः तेच स्वस्त बूट घालून उतरायचा. सातजणांच्या घरात महागडे बूट मागितल्यावर आईचा चेहरा कसा होतो, हे त्याने पाहिलेलं होतं. बूट धडाक्यात खपले, पण विकणारी दुकानांची साखळीच २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली.

त्याआधी, डिसेंबर २००७ मध्ये, निक्सच्या एका सामन्याच्या वेळी मैदानातच त्याच्या वडिलांच्या छातीत कळ आली आणि ते गेले. मुलगा खाली खेळत होता. त्याला ही बातमी सामना संपल्यावर कळली.

२००८-०९ च्या हंगामात निक्सने वर्षाला दोन कोटी डॉलरहून अधिक पगार घेणाऱ्या या खेळाडूला नुसतं बसवून ठेवलं. फेब्रुवारीत करार मिटवला. बॉस्टनकडे काही महिने काढले आणि मग फोन वाजेनासा झाला. त्या उन्हाळ्यात त्याने इंटरनेटवर चोवीस तास स्वतःचं थेट प्रक्षेपण केलं. त्यात तो नाचला, रडला, आणि घसा दुखतोय म्हणून चमचाभर व्हॅसलिनही खाल्लं. झालं! वर्तमानपत्रांनी त्याला वेडा ठरवून टाकलं. त्या दिवसांत आपल्याला जगण्याचीच इच्छा उरली नव्हती, असं त्याने पुढे काही वर्षांनी टीव्हीवरच्या मुलाखतीत सांगितलं. हसणाऱ्यांपैकी कुणाला ते तेव्हा दिसलं नव्हतं.

आता जरा थांबून परदेशी लीगचा मामला काय असतो ते पाहू. एनबीएच्या साडेचारशे जागांत जे बसत नाहीत, असे शेकडो अमेरिकन खेळाडू दरवर्षी बॅगा भरून इटली, स्पेन, तुर्कस्तान, इस्रायल, चीन, फिलिपाइन्सला जातात. पुढे अमेरिकेचे सिनेटर झालेले बिल ब्रॅडली १९६५-६६ मध्ये ऑक्सफर्डला शिकता शिकता मिलानच्या संघाकडून खेळले होते. आपल्या जुन्या क्रिकेटरसिकांना हे नवं वाटायला नको. विनू मंकड १९५२ साली लँकेशायर लीगमध्ये हॅसलिंग्डन क्लबचे ‘प्रोफेशनल’ होते, ते असंच. क्लब घर देतो, पगार देतो आणि बदल्यात चमत्काराची अपेक्षा करतो. चमत्कार झाला नाही, तर महिन्याभरात परतीचं तिकीट! भाषा येत नाही, जेवण रुचत नाही, बायको-मुलं सात समुद्रांपलीकडे. अशा खेळाडूचं नाव मायदेशी कुणाच्या लक्षातही राहत नाही.

चीनची लीग १९९५ मध्ये सुरू झाली. संघागणिक परदेशी खेळाडू मोजकेच, साधारण दोन, आणि त्यांनी किती वेळ मैदानावर राहायचं यावरही बंधनं. बहुतेक अमेरिकन यायचे, धडाधड गुण करायचे, पैसे घ्यायचे आणि हंगाम संपायच्या आत विमान गाठायचे.

जानेवारी २०१० मध्ये मार्बरी चीनमध्ये उतरला तो शांघायला किंवा बीजिंगला नव्हे, तर कोळशाच्या खाणींसाठी ओळखल्या जाणाऱ्या शांक्सी प्रांतातल्या तायुआन शहरात. कडाक्याची थंडी, धुरकट आभाळ. शांक्सीचा संघ एका पोलाद कारखानदाराचा, आणि प्रशिक्षक बदलण्याबद्दल हे मालक प्रसिद्ध! अमेरिकेतल्या पत्रकारांना वाटलं, आता हा संपला. पण विमानतळावर त्याच्या स्वागताला गर्दी होती. ज्याला घरच्या मैदानावर हुर्यो ऐकायची सवय झालेली, त्याला लोक हसतमुखाने हात हलवून बोलावतायत! त्याच हंगामात तो ऑल-स्टार सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

तरी पुढच्याच हंगामाच्या तोंडावर शांक्सीने त्याला नको म्हटलं. इथे दुसरा कुणी असता तर परत गेला असता. हा दक्षिणेला फोशानच्या संघाकडे गेला. तो संघ काही बलाढ्य नव्हता. एक वर्ष तिथे काढलं आणि २०११ मध्ये तो बीजिंगच्या ‘डक्स’कडे आला.

त्या हंगामात एनबीएत मालक आणि खेळाडूंच्या वादामुळे टाळेबंदी होती, म्हणून बरीच अमेरिकन नावं चीनमध्ये आली होती. ते पाहुणे होते. मार्बरी मात्र बीजिंगच्या मेट्रोने फिरताना लोकांना दिसायचा. डब्यात चाहत्यांबरोबर काढलेली त्याची छायाचित्रं चिनी सोशल मीडियावर फिरायची. प्रशिक्षक मिन लूलेई यांच्याशी त्याचं जमलं. न्यू यॉर्कमध्ये प्रत्येक प्रशिक्षकाशी वाजलेला हा माणूस इथे सरावाला लवकर येतो, तरुण चिनी खेळाडूंना बाजूला घेऊन समजावतो, हरल्यावर त्यांची पाठ थोपटतो, हे पाहून लोक चकित झाले.

चिनी वृत्तपत्रांनी एनबीएच्या काळात त्याला ‘एकांडा लांडगा’ असं नाव ठेवलेलं होतं. बीजिंगच्या चाहत्यांनी ते बदललं. ते त्याला ‘मा झेंगवेई’ म्हणू लागले, म्हणजे ‘राजकीय कमिसार मा’. चिनी सैन्याच्या तुकडीत जवानांचं मनोबल सांभाळणारा, त्यांना चार शब्द ऐकवणारा जो अधिकारी असतो, तो कमिसार. नावात थोडी थट्टा आहे, पण माया किती आहे पाहा! एका अमेरिकन माणसाला ही पदवी मिळावी, यातली गंमत कोणत्याही चिनी वाचकाला सांगावी लागत नाही.

२०१२ च्या उपांत्य फेरीत गाठ पडली ती नेमकी शांक्सीशीच. तायुआनच्या प्रेक्षकांनी आपल्या जुन्या पाहुण्याची गय केली नाही. मालिका पाचव्या सामन्यापर्यंत ताणली गेली आणि बीजिंग ३-२ ने निसटलं. अंतिम फेरीत समोर ग्वांगडोंग. आधीच्या आठ वर्षांत सात वेळा विजेता ठरलेला संघ! बीजिंग कुणाच्या हिशेबातही नव्हतं. बीजिंगने मालिका ४-१ ने जिंकली. तीच ती ३० मार्चची रात्र.

अंतिम फेरीच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान त्या वर्षी त्याचा तैवानी सहकारी ली श्युएलिनला गेला, कारण परदेशी खेळाडूंना तो मान देण्याची तेव्हा पद्धतच नव्हती. चाहते चिडले. मग त्याच वर्षी वुकेसाँगच्या बाहेर मार्बरीचा पुतळा उभा राहिला. जिवंत खेळाडूचा, तोही परदेशी, आणि तोही अजून खेळत असलेल्या! पुतळा हा मान, की मान न दिल्याची भरपाई, हे ज्याने त्याने ठरवावं. २०१४ मध्ये झिनजियांगला आणि २०१५ मध्ये लिआओनिंगला हरवून बीजिंगने आणखी दोन विजेतेपदं मिळवली आणि २०१५ मध्ये अंतिम फेरीचा तो मानही अखेर त्याच्या नावावर लागला.

२०१४ हे वर्ष तर अजबच होतं. बीजिंगने त्याला मानद नागरिक केलं. त्याच्या आयुष्यावर संगीत नाटक रंगभूमीवर आलं आणि त्यात मार्बरीची भूमिका कोणी केली असेल? खुद्द मार्बरीने! ‘चायना डेली’ या इंग्रजी दैनिकात तो सदरही लिहायचा. पुढे त्याला चीनमध्ये कायम राहण्याचा परवाना मिळाला. तो मिळणारे परदेशी फार थोडे असतात. २०१७ मध्ये ‘माय अदर होम’ हा चित्रपट आला. त्यातही नायक तोच. अभिनयाबद्दल न बोललेलं बरं, पण नाव अचूक आहे.

सगळं गोडच झालं असं नाही. २०१७ मध्ये डक्सला वाटलं, त्याने आता खेळणं थांबवून प्रशिक्षणाकडे वळावं. चाळिशीच्या त्याला आणखी एक वर्ष खेळायचं होतं. पुतळा दारात असलेल्या क्लबनेही शेवटी वय मोजलंच! तो शहरातल्याच दुसऱ्या, तुलनेने दुबळ्या संघाकडे गेला आणि ११ फेब्रुवारी २०१८ रोजी, एक्केचाळिसाव्या वाढदिवसाच्या नऊ दिवस आधी, शेवटचा सामना खेळला. त्यातही २० गुण केले. पुढच्या वर्षी त्याच क्लबचा तो प्रशिक्षक झाला. ज्याला प्रशिक्षकांचं ऐकणं जमत नव्हतं, त्याच्या हाती तेव्हा शिटी आणि पाटी आली!

मार्च २०२० मध्ये करोनाने न्यू यॉर्कला घेरलं. रुग्णालयांत मास्क मिळेनात आणि मिळाले तर साडेसात डॉलरला एक. तेव्हा मार्बरीने चीनमधल्या आपल्या ओळखीच्या कारखानदाराशी बोलून एक कोटी मास्क पावणेतीन डॉलर दराने, एका सेंटचाही नफा न घेता, न्यू यॉर्कला मिळवून देण्याची खटपट सुरू केली. त्याची बहीण-भावंडं, नातेवाईक तिथेच राहत होते. ते त्याचं गाव होतं, हे त्याने सांगितलेलं पहिलं कारण.