ग्रामीण कार्यशाळेसाठी लेथ यंत्राची निवड : म्हसा परिसराच्या संदर्भात

प्रास्ताविक

धातूचा तुकडा स्वतःभोवती फिरवावयाचा आणि घट्ट धरलेल्या हत्याराने त्यावरील अनावश्यक भाग कापून काढावयाचा, या क्रियेस कातकाम व त्यासाठी वापरावयाच्या यंत्रास लेथ असे म्हणतात. लाकडाचे कातकाम करणारा कातारी आपल्या समाजात जुना आहे. (मुरबाड-शहापूर भागातील कातकरी जमातीच्या नावातील ‘कात’ मात्र खैराचा, या कातकामाशी त्याचा संबंध नाही.)

मुरबाड तालुक्यातील म्हसा हे गाव पौष पौर्णिमेच्या यात्रेमुळे व त्या निमित्ताने भरणाऱ्या गुरांच्या बाजारामुळे सर्वदूर परिचित आहे. भोवतालचा परिसर भातशेतीचा असून तालुक्याच्या ठिकाणी औद्योगिक वसाहत आहे. आयटीआयमधून टर्नरचे शिक्षण घेतलेला, वसाहतीत काही वर्षे काम केलेला एखादा तरुण स्वतःचे दुकान काढावयाचे ठरवितो आणि कर्जासाठी प्रकल्प अहवाल तयार करून घेण्यास परिचित प्राध्यापकांकडे येतो. अशा अहवालात यंत्रसामग्रीच्या सदरात बहुधा ‘सहा फुटी लेथ, एक नग’ एवढीच नोंद असते. एवढ्या नोंदीवर कर्जाचा सर्वांत मोठा हिस्सा खर्च होतो, यंत्र परत करता येत नाही आणि हप्ते मात्र चालू राहतात. ही नोंद अपुरी का आहे आणि तिच्या जागी काय असावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

फुटांचा हिशेब आणि कामाचा हिशेब

आपल्या बाजारात लेथ फुटांवर विकला जातो. साडेचार फुटी, सहा फुटी, आठ फुटी हे आकडे बेडच्या एकूण लांबीचे असतात. या बेडवरच एका बाजूस हेडस्टॉक व दुसऱ्या बाजूस टेलस्टॉक बसलेला असल्यामुळे दोन सेंटरमध्ये प्रत्यक्ष मावणारी लांबी बरीच कमी असते. सहा फुटी यंत्रात ती साधारणपणे एक मीटर किंवा त्याहूनही कमी भरते. म्हणून लांबीबरोबर आणखी तीन मापे विचारणे अगत्याचे आहे : सेंटरची बेडपासूनची उंची, क्रॉस स्लाइडवरून फिरू शकणारा व्यास आणि स्पिंडलच्या आरपार छिद्राचा व्यास. सेंटरची उंची २०० मिमी असल्यास बेडवरून ४०० मिमी व्यासाची वस्तू फिरते. परंतु क्रॉस स्लाइडवरून फिरणारा व्यास त्याहून पुष्कळच लहान असतो आणि लांब शाफ्टच्या कामात तोच उपयोगाचा असतो.

या मापांना अर्थ येतो तो येणाऱ्या कामामुळे. म्हसा परिसरात लेथवर येणारे काम कोणते असू शकेल? भात गिरणीचा शाफ्ट व पुली, पंपाचा झिजलेला शाफ्ट, ट्रॅक्टर व पॉवर टिलरच्या पिना आणि बुश, मातीकाम करणाऱ्या यंत्रांच्या बकेटमधील पिना, आणि वसाहतीतून मिळाल्यास थोडेफार जॉबवर्क. ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टचा प्रचलित व्यास १ ३/८ इंच, म्हणजे सुमारे ३५ मिमी असतो. स्पिंडलचे छिद्र ३८ मिमी असेल तर असा शाफ्ट आत सरकवून त्याचे टोक चकजवळ आखूड धरता येते. छिद्र ३० मिमी असेल तर तोच शाफ्ट बाहेर लांबवर लोंबकळत राहतो. एका टोकास धरलेल्या दांड्याचा वाक बाहेर आलेल्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. लांबी दुप्पट झाली की तेवढ्याच जोराखाली वाक आठपट होतो. छिद्राच्या आठ मिलिमीटरांचे मोल बेडच्या दोन फुटांपेक्षा अधिक ठरते ते यामुळे. गिरणीच्या मोठ्या पुलीसाठी हेडस्टॉकजवळ खाच असलेला गॅप बेड उपयोगी पडतो. ही सोय क्वचित लागते, पण लागते तेव्हा तिला पर्याय नसतो.

वेगाच्या बाबतीत मात्र अवाजवी अपेक्षा ठेवण्याचे कारण नाही. मऊ पोलादावर हायस्पीड स्टीलच्या हत्याराने मिनिटास सुमारे ३० मीटर वेगाने कापावयाचे झाल्यास ५० मिमी व्यासाच्या शाफ्टला मिनिटास १९० फेरे पुरतात. कार्बाइड हत्याराने १२० मीटर वेग घेतला तरी ७६० च्या आसपास फेरे लागतात. दुरुस्तीच्या कामासाठी जुन्या पट्ट्याच्या लेथचा वेग कमी पडतो, असे सरसकट म्हणता येत नाही. संगणकनियंत्रित लेथ एकसारखे शेकडो नग काढणाऱ्यासाठी आहे. एकेक मोडका शाफ्ट दुरुस्त करणाऱ्यासाठी नव्हे.

आट्यांचा प्रश्न बहुतेक खरेदीदार विसरतात. जुन्या यंत्रांचा लीड स्क्रू पुष्कळदा इंचात, एका इंचास चार आटे असा असतो. एक इंच म्हणजे २५.४ मिमी, अर्थात १२७ भागिले ५. त्यामुळे अशा यंत्रावर मिलिमीटरचे आटे अचूक पाडावयाचे तर १२७ दात्यांचे गिअर लागते. पाण्याच्या पाइपांचे आटे आजही इंचाच्या मापात असल्याने इंची लीड स्क्रू हा दोष नव्हे. परंतु यंत्रासोबत ते गिअर आहे किंवा नाही, हे पैसे देण्यापूर्वी पाहिले पाहिजे.

जुने यंत्र पारखताना

हरिहर येथील म्हैसूर किर्लोस्कर (स्थापना १९४१) आणि बंगळूरची एचएमटी (स्थापना १९५३) यांचे लेथ भारतातील कार्यशाळांत मोठ्या संख्येने वापरले गेले. हरिहरचा कारखाना पुढे बंद पडला असला तरी ही यंत्रे जुन्या बाजारात अजूनही मिळतात. त्याच पैशांत मिळणाऱ्या हलक्या नव्या यंत्रापेक्षा जड बिडाचे जुने यंत्र प्रस्तुत लेखकास अधिक श्रेयस्कर वाटते. मात्र ते पारखून घेतले पाहिजे.

म्हसा येथील बाजारात बैल घेणारा शेतकरी प्रथम जबडा उघडून दात पाहतो. आदत, दुसा, चौसा की जुळलेला हे ठरवितो आणि मग बैल चालवून पाहतो. शिंगांच्या रंगास तो भुलत नाही. लेथच्या नव्या रंगाबाबतही तेच धोरण असावे. बेड सर्वाधिक झिजतो तो चकजवळ, कारण कॅरेज बहुतांश वेळ तेथेच सरकत असते. चकजवळ कॅरेजच्या पट्ट्या खेळ राहणार नाही इतपत आवळाव्यात आणि कॅरेज टेलस्टॉककडे न्यावे. वाटेत ते अडकू लागले, तर बेडची झीज उघड होते. स्पिंडलसाठी चकमध्ये जाड दांडा धरून तो वर उचलावा व डायल गेजवर हालचाल पाहावी. तिसरी चाचणी कापून पाहण्याची : जाड दांड्यावर काही अंतराने दोन कडी ठेवून टेलस्टॉकच्या आधाराविना दोन्हींवरून एकच बारीक काप घ्यावा आणि त्यांचे व्यास मायक्रोमीटरने ताडून पाहावेत.

यातील कोणता दोष पत्करावा, हेही कामच ठरविते. ३५ मिमी शाफ्टवर ६२०७ क्रमांकाचे बेअरिंग बसवावयाचे आहे, असे समजू. बेअरिंगची रुंदी १७ मिमी असून बसणीच्या के-६ श्रेणीत व्यासाला अवघी ०.०१६ मिमी इतकी मोकळीक आहे. झिजलेल्या बेडमुळे ३०० मिमी लांबीत व्यासात ०.०५ मिमी फरक पडत असेल, तर १७ मिमीत तो ०.००३ मिमीच्या आत राहतो. झीज चकजवळ एकवटलेली असल्याने हा हिशेब ठोकळ आहे, तरीही काम निभावते. स्पिंडलच डळमळत असेल तर मात्र ती बसणी कधीच गोल होणार नाही. म्हणून दुरुस्तीच्या दुकानासाठी बेडची थोडी झीज चालेल, स्पिंडलचा खेळ चालणार नाही. लांब शाफ्टचे जॉबवर्क करणाऱ्याने बेडचीही तितकीच काळजी केली पाहिजे. जुन्या बेडचे पुन्हा ग्राइंडिंग करता येते, परंतु त्यासाठी तो उतरवून मोठ्या ग्राइंडिंग यंत्रापर्यंत वाहून न्यावा लागतो.

वीज व पाया

अशा लेथची मोटर सामान्यतः थ्री फेजची असते. दुकान घराच्या पडवीत व जोडणी सिंगल फेजची असल्यास २.२ किलोवॅटपर्यंतच्या मोटरसाठी सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी वापरता येतो. मात्र तो सुमारे २३० व्होल्टच देत असल्याने त्या व्होल्टेजवर मोटरची जोडणी बदलता येते का, हे विजेच्या कारागिराकडून आधी तपासून घ्यावे. चार जबड्यांचा चक, स्टेडी रेस्ट, चेंज गिअर, मायक्रोमीटर व डायल गेज यांचा खर्च अहवालात स्वतंत्र दाखवावा. अन्यथा यंत्र येते आणि भांडवल संपते.

पायाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. ओबडधोबड फरशीवर बोल्ट आवळले की उत्तम बेडही पिळला जातो व सरळ शाफ्ट निमुळता कापला जातो. काँक्रीटचा पाया करून सूक्ष्म स्पिरिट लेव्हलने बेडच्या दोन्ही टोकांस आडवी पातळी जुळवावी. कोकणपट्टीच्या पावसात भरावाची जमीन दबते; म्हणून पहिला पावसाळा सरल्यावर बोल्ट सैल करून ही पातळी पुन्हा जुळवावी, आणि पावसाळाभर दुकान बंद करताना बेडवर तेलाचा हात फिरवावा.