घर घेण्याआधी घर पाहावे

बैल विकत घ्यायचा असला म्हणजे आपण काय करतो? बाजारात जातो. बैलाचे दात पाहतो, खूर पाहतो. त्याला चालवून पाहतो. सोबत एखादा जाणता माणूस नेतो. एवढे झाले की मग सौदा ठरतो.

बैल दहा-बारा वर्षे कामाला येतो. घर मात्र नातवंडांपर्यंत पुरायचे असते. त्यात जन्माची पुंजी ओतलेली असते. तरी पुष्कळ लोक घर घेताना नुसती ओसरी पाहतात, चहा घेतात आणि इसार देऊन मोकळे होतात. मग पावसाळा येतो. भिंत ओली होते, वासे करकरतात. पण तोवर पैसे हातचे गेलेले असतात.

म्हणून या पाठात आपण घराची पाहणी समजून घेऊ. घेणाऱ्याने काय पाहावे, विकणाऱ्याने काय सांगावे, ते आम्ही येथे सांगत आहोत.

कायदा काय म्हणतो

मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ सालचा आहे. तो आजही लागू आहे. त्याच्या ५५ व्या कलमात एक फार मोलाची गोष्ट आहे. साध्या भाषेत ती अशी : जो दोष नीट पाहिल्यास दिसतो, तो घेणाऱ्याने पाहून घ्यायचा. जो मोठा दोष पाहूनही दिसणार नाही, पण विकणाऱ्याला ठाऊक आहे, तो त्याने सांगायचा. न सांगणे ही कायद्याने लबाडी ठरते.

म्हणजे जबाबदारी दोघांवर आहे. "मला कोणी सांगितले नाही" असे घेणाऱ्याला दर वेळी म्हणता येणार नाही. भेग समोर दिसत होती, मग तुम्ही पाहिली का नाही, असे त्याला विचारले जाईल.

पाहणी कोणी आणि कधी करावी

माती-दगडाचे किंवा विटांचे घर असेल तर जुना, अनुभवी गवंडी बरोबर घ्यावा. लाकूडकाम पुष्कळ असेल तर सुतारही घ्यावा. स्लॅबचे दुमजली घर असेल तर तालुक्याच्या गावाहून इमारतीच्या कामाचा अभियंता बोलवावा. तो फी घेतो, पण ती फी वाया जात नाही. पाहणारा माणूस विकणाऱ्याचा सोयरा नसावा. त्याची मजुरी घेणाऱ्याने स्वतः द्यावी. ज्याची मजुरी, त्याचे काम.

पाहणीला निम्मा दिवस तरी लागतो. दिवसाउजेडी जावे. बरोबर शिडी, बॅटरी, ओळंबा, पाणसळ आणि टोच्या असावा. जमले तर घर एकदा उन्हात पाहावे आणि एकदा भर पावसात पाहावे. पाऊस जे सांगतो ते गवंडीही सांगत नाही.

पाया आणि जमीन

पाहणी बाहेरून सुरू करावी. आधी घराभोवती एक फेरी मारावी. पावसाचे पाणी घरापासून दूर वाहून जाते, की जोत्याशी साचते? जोते जमिनीपासून पुरेसे उंच आहे का? रस्त्यावर भर पडत गेली की जुन्या घराचे जोते खाली राहते आणि पाणी उंबऱ्यातून आत येते.

मग जमीन कोणती ते विचारावे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. शेतात पडणाऱ्या भेगा आपण पाहतोच. घराचा पाया त्याच मातीत उथळ भरला असेल तर घरही दर वर्षी हलते आणि भिंती तडकतात. पाया मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेला होता का, हे ज्या गवंड्याने घर बांधले त्याला विचारावे. पाया जमिनीखाली असतो. तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून विचारावेच लागते.

नदीकाठचे गाव असेल तर पुराचे पाणी कुठवर चढले होते, तेही विचारावे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरकडे कृष्णा आणि पंचगंगा या नद्यांना महापूर आला. अशा गावांत पुराच्या खुणा शेजारीपाजारी बोटाने दाखवतात.

भिंती

प्रत्येक भेग वाईट नसते. गिलाव्यावर केसासारख्या बारीक भेगा असतात. त्यांनी घर पडत नाही. पण काही भेगा निराळ्या असतात. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपी वर गेलेली भेग, आत-बाहेर दोन्हीकडून दिसणारी भेग, नाण्याची कड आत जाईल एवढी रुंद भेग, अशी भेग दिसली की थांबावे.

भेग जुनी आणि थांबलेली आहे, की अजून वाढते आहे? हे पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. भेगेवर कागदाची पट्टी खळीने आडवी चिकटवावी. तिच्यावर तारीख लिहावी. एक-दोन महिन्यांनी पाहावे. पट्टी फाटली तर भेग वाढते आहे असे समजावे. तुम्हांला आता लिहिता येते. ती तारीख स्वतःच्या हाताने लिहा.

गवंडी ओळंबा सोडून भिंत सरळ आहे का ते पाहतो. भिंतीला पोट आले असेल तर तो मोठा दोष आहे. दगडमातीच्या जाड भिंतीत हे फार होते. अशी भिंत बाहेरून एक दिसते, पण आतून ती दोन भिंती असते. मध्ये दगडगोटे आणि माती भरलेली असते. दोन्ही बाजूंना धरून ठेवणारे लांब, आरपार दगड घातले नसतील तर दोन्ही बाजू सुट्या राहतात.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गेली. तेथली पुष्कळ घरे अशाच जाड दगडमातीच्या भिंतींची होती. वर मातीचे जड माळवद होते. भिंती दुभंगल्या आणि माळवद खाली आले. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत, हा समज त्या दिवशी खोटा ठरला. म्हणून भिंतीची जाडी पाहून भुलू नका. तिची बांधणी विचारा.

ओल आणि वाळवी

भिंतीच्या पायथ्याशी हात लावून पाहा. पोपडे निघतात का? पांढरा लोणा आला आहे का? तसे असेल तर जमिनीतली ओल वर चढते आहे, किंवा वरून पाणी भिंतीशी पडते आहे. सगळे घर जुने आणि एकाच भिंतीला ताजा रंग, असे दिसले तर त्या भिंतीपाशी दोन मिनिटे जास्त थांबा. रंग कशावर चढवला, ते विचारा.

जिथे ओल तिथे वाळवी. भिंतीवरून, चौकटीवरून मातीच्या बारीक नळ्या गेल्या असतील तर ती वाळवीची वाट आहे. लाकूड बाहेरून गुळगुळीत दिसते आणि आतून पोकळ असते. सुतार लाकडावर ठोकून आवाज ऐकतो. चांगले लाकूड खणखणीत वाजते. खाल्लेले लाकूड बद वाजते. मग तो टोच्या टोचतो. टोच्या लोण्यात जावा तसा आत गेला तर लाकूड गेलेच समजा. तुळईची टोके भिंतीत जिथे शिरतात, ती जागा नक्की पाहायला सांगा. कीड पुष्कळदा तिथूनच लागते.

छप्पर

कौलारू घरात पोटमाळ्यावर चढून वर पाहावे. उजेडाचे कवडसे कुठून येतात? वाशांवर पाण्याचे काळे डाग आहेत का? आढे मध्येच वाकले आहे का? फुटकी कौले बदलता येतात. वाकलेले आढे बदलायचे तर सारे छप्पर उतरावे लागते. दोन्ही दोष छपराचेच, पण खर्चात जमीन-अस्मानाचा फरक.

स्लॅब असेल तर खालून पाहावे. तांबूस डाग, सुटलेले तुकडे, उघडी पडलेली सळई दिसते का? सळई गंजली की ती फुगते आणि भोवतालचे काँक्रीट फोडते. वरून नुसता गिलावा मारून हा रोग जात नाही.

पाणी, संडास, वीज

नळाला पाणी किती वेळ येते? उन्हाळ्यात काय होते? विहीर असेल तर संडासचा शोषखड्डा तिच्यापासून किती दूर आहे? निदान ५० फूट अंतर असावे. विजेचा मीटर कोणाच्या नावावर आहे? मागचे बिल थकले आहे का? अर्थिंग केले आहे का? हे प्रश्न लहान वाटतात, पण रोजचे जगणे यांवर चालते.

कागदही पाहायचे

भिंत चांगली आणि कागद खोटा, तर घर गेलेच. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टीचा उतारा आहे. त्यावर नाव असले म्हणजे मालकी सिद्ध झाली असे नाही. २०२० साली स्वामित्व योजना सुरू झाली. तिच्यात गावठाणांची ड्रोनने मोजणी करून मालमत्ता पत्रके देण्यात आली. तुमच्या गावी ते झाले असेल तर पत्रक मागा. त्यातले क्षेत्र आणि चतुःसीमा जागेवर ताडून पाहा.

वडिलोपार्जित घर असेल तर सगळ्या वारसांची संमती हवी. बहिणींचीही हवी. घरावर बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे का, ते विचारा. आणि शेवटची गोष्ट. स्टँपवर लिहून घेतले, पंचांनी सह्या केल्या, एवढ्याने घर तुमचे होत नाही. १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या घराचे खरेदीखत दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवावेच लागते.

दोष निघाले, मग काय?

दोष नसलेले घर नसते. पाहणी झाली की दोषांचे तीन भाग करावे. पहिला, किरकोळ दोष : फुटकी कौले, सुटलेला गिलावा. दुसरा, खर्चाचे दोष : किडलेली तुळई, ओली भिंत. तिसरा, जिवाचे दोष : पोट आलेली भिंत, खचणारा पाया.

आमच्या भागात एका शेतकऱ्याने घर पसंत केले. इसाराचे पैसे त्याच्या खिशात होते. पण आधी त्याने गवंड्याला नेले. गवंडी सगळे फिरून आला आणि म्हणाला, "तात्या, मागची भिंत ओली आहे, पण ती पन्हळ फुटल्यामुळं. पन्हळ बदला, भिंत सुकेल. माजघरातली तुळई मात्र वाळवीनं खाल्लीय. ती बदलावीच लागंल. बाकी घर दणकट आहे."

तात्यांनी घर सोडले नाही आणि भांडणही केले नाही. तुळईचा खर्च सुताराकडून लिहून घेतला आणि विकणाऱ्यापुढे ठेवला. तेवढी किंमत कमी झाली. दोघांचेही समाधान झाले. पाहणीचा खरा उपयोग हाच. तिसऱ्या भागातला दोष निघाला तर मात्र स्वस्त मिळते म्हणून घर घेऊ नये. स्वस्त घराखाली माणूस सापडला तर त्याची किंमत कोणी करायची?

विकणाऱ्यासाठी दोन शब्द

कोणी गवंडी घेऊन आला तर राग मानू नका. तो तुमच्यावर अविश्वास नाही. भिंतीला टेकवलेली पोती, कणग्या, कपाटे आधीच बाजूला सारून ठेवा. माळ्यावर जायला शिडी द्या. घरपट्टीच्या आणि विजेच्या पावत्या काढून ठेवा. आणि जो दोष तुम्हांला ठाऊक आहे तो आपण होऊन सांगा. सांगितलेला दोष किंमत थोडी कमी करतो. लपवलेला दोष कोर्टाची पायरी चढायला लावतो. काय सांगितले ते इसारपावतीत लिहून ठेवा. म्हणजे पुढे वाद राहत नाही.

लक्षात ठेवा

१. आधी पाहणी, मग इसार.
२. गवंडी आपला, मजुरी आपली.
३. एकदा उन्हात पाहा, एकदा पावसात पाहा.
४. जे दिसत नाही ते विचारा : विकणाऱ्याला, शेजाऱ्याला आणि बांधणाऱ्याला.
५. सापडलेला प्रत्येक दोष वहीत लिहा. बोललेले विसरते, लिहिलेले राहते.