पत्ते संपले, पुढें काय?

सांगलीच्या विश्रामबागेंत पत्र धाडावयाचें तर लिफाफ्यावर ४१६४१५ हा अंक लिहितात. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनीं योजिलेली ही पिनकोड पद्धति १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाली. इंटरनेटवरील यंत्रांनाही असाच अंकपत्ता लागतो. चौथ्या आवृत्तीच्या जुन्या पद्धतींत असे पत्ते सुमारें ४२९ कोटीच. मध्यवर्ती कोठारांतील शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्यें वाटले गेले.

मोठ्या संगणककेंद्रांत ही टंचाई अधिक जाचते. तेथें कामें लहान लहान कंटेनरांत, म्हणजे जणूं डब्यांत, वाटून देतात आणि ‘कुबरनेटीस’ नांवाचा कारभारी त्यांवर देखरेख करितो. डब्यांच्या प्रत्येक गटास, म्हणजे ‘पॉड’ला, तो स्वतंत्र पत्ता देतो. शिवाय प्रत्येक यंत्राला २५६ पत्त्यांचा वाटा आधींच तोडून द्यावयाचा, अशी सर्वसाधारण रीत. त्यामुळें ६५,५३६ पत्त्यांची पेटी २५६ यंत्रांतच रिती होते. पुढचें यंत्र विकत आणूनही पत्त्यांवांचून निरुपयोगी! खासगी पत्त्यांवर वेळ मारून नेतां येते खरी. पण दोन केंद्रें जोडतांना तेच पत्ते दोहींकडे निघाले कीं घोटाळा. एकाच आळींत दोन घरांना सात नंबर, तसेंच हें.

सहाव्या आवृत्तींत पत्ता ३२ ऐवजीं १२८ बिटांचा असल्यानें ही ओढाताण उरत नाहीं. मात्र सारें जग अद्याप बदललेलें नसल्यामुळें जुनें एकदम टाकतां येत नाहीं. म्हणून पॉडला दोन्ही पत्ते देण्याची सोय झाली. कुबरनेटीसच्या डिसेंबर २०२१ मधील १.२३ या आवृत्तींत ती पक्की ठरली. खर्च येतो तो दुहेरी देखभालीचा. पहाऱ्याचे नियम जुन्या पत्त्यांसाठीं लिहिले आणि नव्यांसाठीं विसरले, तर मागचें दार सताड उघडें राहतें.